शयनगृह : आधी झोप, मग सजावट

घर सजवायला काढले की आपल्याकडे पहिला मान दिवाणखान्याचा असतो. येणारा-जाणारा तिथे बसतो, घराची पारख तिथेच होते, त्यामुळे खर्चाचा मोठा वाटाही तिथेच जातो. शयनगृहाची पाळी येते ती अखेरीस. तोवर हाताशी पैसा थोडा उरलेला असतो आणि उत्साह त्याहून थोडा. मग दुकानात आवडलेला मोठा पलंग, सुताराने सुचवलेले भिंतभर कपाट आणि नातेवाइकांच्या घरी पाहिलेले फॉल्स सीलिंग अशी तीन ठिकाणांहून आलेली मंडळी एकाच खोलीत दाटीवाटीने नांदू लागतात. खोली छायाचित्रात छान दिसते. पण कपाटाचे दार पलंगाला अडते, दिवा मालवायला उबदार पांघरुणातून उठून दारापर्यंत जावे लागते आणि पहाटेची तिरीप नेमकी डोळ्यांवर येते.

वस्तुतः रोजचे सात-आठ तास, म्हणजे दिवसाचा जवळजवळ तिसरा हिस्सा, आपण याच खोलीत काढतो. म्हणून शयनगृहाच्या सजावटीला एकच कसोटी लावावी. आणलेली प्रत्येक वस्तू आणि घेतलेला प्रत्येक निर्णय झोपणाऱ्या माणसाच्या सोयीचा आहे का, हा प्रश्न विचारावा. रंग, पडदे आणि शोभेच्या वस्तू यांचा विचार त्यानंतरचा. शहरातील शयनगृह लहान असते, म्हणून तर ही कसोटी अधिकच कठोरपणे लावायला हवी.

खोलीचे माप आणि पलंगाचा एक फूट

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या घरातील एक खोली किमान ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फुटांची असावी आणि दुसरी खोली ७.५ चौरस मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे ८१ चौरस फुटांपेक्षा लहान नसावी, अशी अपेक्षा आहे. मुंबई-पुण्यातील बहुतेक सदनिकांमधील शयनगृहे या मापांच्या थोडी वरच घुटमळतात. दहा फूट बाय अकरा फूट हे अगदी ओळखीचे माप. त्याचेच उदाहरण घेऊ.

बाजारात दोघांसाठीच्या गाद्या मुख्यतः दोन रुंदीच्या मिळतात, पाच फूट आणि सहा फूट. लांबी सहा ते साडेसहा फूट असते. दुकानाच्या प्रशस्त दालनात या दोन गाद्यांमधला एक फुटाचा फरक जाणवत नाही, घरात मात्र तोच फूट खोलीचे भवितव्य ठरवतो.

समजा, पलंगाचे डोके अकरा फुटी भिंतीला लावले. साडेसहा फुटांची गादी आणि उशाकडील फळी मिळून पावणेसात फूट जागा गेली; समोर सव्वातीन फूट उरले. आता कपाट समोरच्या भिंतीला लावायचे म्हटले, तर कपाटाची खोली दोन फूट. मधे राहिली सव्वा फुटाची, म्हणजे पंधरा इंचांची बोळकांडी. तिथे कपाटाचे दार धड उघडणार नाही आणि माणसाला तिरके होऊन जावे लागेल. हीच चूक असंख्य घरांत झालेली दिसते.

तेच कपाट पलंगाच्या बाजूच्या, दहा फुटी भिंतीला लावून पाहा. अकरा फुटांतून कपाटाचे दोन फूट वजा जाता नऊ फूट उरतात. सहा फुटी गादी घेतली, तर दोन्ही बाजूंना मिळून तीन फूट राहतात, म्हणजे दोहोंकडे जेमतेम दीड-दीड फूट. पाच फुटी गादी घेतली, तर चार फूट राहतात. त्यातील अडीच फूट कपाटासमोर आणि दीड फूट पलीकडच्या बाजूला ठेवता येतात. कपाट सुखाने उघडते, दोन्ही झोपणाऱ्यांना आपापल्या बाजूने उतरता येते आणि पायथ्याशी सव्वातीन फुटांची मोकळी वाट राहते.

जागा नाही म्हणून पलंग एका बाजूने भिंतीला चिकटवण्याची पद्धत सर्रास आढळते. तरुणपणी ती खपून जाते. परंतु भिंतीकडे झोपणाऱ्याला रात्री उठायचे झाले, तर दुसऱ्याला ओलांडून यावे लागते. घरात गर्भवती स्त्री, मधुमेहामुळे रात्री वरचेवर उठावे लागणारी व्यक्ती किंवा वयस्कर माणूस असेल, तर रुंद गादीच्या सुखापेक्षा दोन्ही बाजूंची वाट मोलाची ठरते.

खरेदीपूर्वी एक सोपा उपाय करावा. जुनी वर्तमानपत्रे चिकटपट्टीने जोडून पलंगाच्या आणि कपाटाच्या मापाचे तुकडे जमिनीवर अंथरावेत, दारे आणि खिडक्या उघडून पाहाव्यात आणि दोन दिवस त्या कागदांना वळसा घालून वावरावे. कागदावर पाय पडू लागला, की माप चुकते आहे हे आपोआप कळते. पलंगाची चौकट गादीहून इंच-दोन इंच मोठी असते, हेही मोजताना धरावे.

पलंगाची दिशा हा अनेक घरांत श्रद्धेचा विषय असतो. उत्तरेकडे डोके करून झोपू नये, हा संकेत पाळण्यास हरकत नाही. मात्र त्यासाठी पलंग खिडकी अडवून किंवा दाराच्या वाटेत ठेवावा लागत असेल, तर खोलीतील हवा आणि ये-जा यांचा विचारही त्याच गांभीर्याने व्हावा.

पलंगाची उंची, गादी आणि पोटातले सामान

पलंगावर बसल्यावर दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत आणि गुडघे साधारण काटकोनात राहिले पाहिजेत. बहुतेकांसाठी ही उंची गादीसह अठरा इंचांच्या आसपास येते. आजकाल आठ ते दहा इंच जाडीच्या गाद्या मिळतात. त्या जुन्या उंच पलंगावर टाकल्या, की बुटक्या माणसाचे पाय अधांतरी राहतात. याउलट जमिनीलगतचे नव्या धाटणीचे पलंग दिसायला देखणे असले, तरी गुडघेदुखी असणाऱ्याला त्यावरून उठणे ही रोजची शिक्षा होते. म्हणून आधी गादी ठरवावी, तिची जाडी मोजावी आणि मगच पलंगाची उंची सुताराला सांगावी.

पलंगाच्या पोटातली साठवण शहरी घराला अपरिहार्य झाली आहे. तिथे वर्षातून दोन-चार वेळाच लागणाऱ्या वस्तू ठेवाव्यात. पाहुण्यांची अंथरुणे, रजया, प्रवासाच्या बॅगा अशा वस्तूंना ही जागा योग्य. रोजची चादर काढण्यासाठी जड गादी उचलावी लागली, तर कंबर आधी तक्रार करते. एकाच खोलीत मुलेही झोपत असतील, तर साठवणीच्या जागी चाकांवर सरकणारा दुसरा बुटका पलंग बसवता येतो. तो दिवसा आत जातो आणि जमीन मोकळी राहते.

कापसाच्या गादीचे दिवस सरले, असे मानण्याचे कारण नाही. ती उन्हात टाकता येते आणि दबली की गादी कारखान्यात नेऊन कापूस पुन्हा पिंजून घेता येतो. फोमची किंवा काथ्याची गादी अशी नवी करून मिळत नाही; पण ती आकार अधिक काळ टिकवते आणि उचलायला सोपी असते. गादी कोणतीही असो, दुकानात तिच्यावर नुसते बसून न पाहता आपण ज्या कुशीवर झोपतो त्या कुशीवर दहा मिनिटे पडून पाहावे. खांदा आणि खुबा किंचित रुतले, पण कंबर खाली लोंबली नाही, तर गादी आपल्याला मानवली असे समजावे.

कपाट : आतून बाहेर

कपाटाचे काम बहुधा दाराच्या रंगापासून सुरू होते. ते आतल्या कपड्यांपासून सुरू व्हावे. घरातले लटकवायचे कपडे किती, घड्या घालून ठेवायचे किती, साड्या किती, याची मोजदाद आधी करावी. हँगर आडवा राहण्यासाठी आत सुमारे बावीस इंच जागा लागते, म्हणून कपाटाची बाहेरची खोली दोन फूट धरतात. सदऱ्यांसाठी हँगरखाली साडेतीन फूट उंची पुरते. लांब कुडते, अनारकली किंवा ओव्हरकोट यांना साडेचार-पाच फूट लागतात. घड्या ठेवायचे खण बारा इंचांहून उंच करू नयेत. उंच खणात घड्यांचा मनोरा होतो आणि खालची काढताना वरचे सगळे कोसळते.

बाहेर उघडणाऱ्या दारांना समोर जागा लागते, पण संपूर्ण कपाट एका दृष्टिक्षेपात दिसते. सरकत्या दारांना समोर जागा लागत नाही. मात्र एका वेळी अर्धेच कपाट उघडते आणि रुळांत धूळ साचते. समोर अडीच फूट मिळत असतील, तर बिजागरीची दारे बरी. त्याहून कमी जागेत सरकती दारे पत्करावीत.

प्लायवुड घेताना त्यावरील मानकाचा शिक्का वाचावा. आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायवुडचे मानक आहे. त्यातील 'एमआर' हा प्रकार दमटपणा काही प्रमाणात सोसतो, परंतु तो पाण्यात टिकणारा नव्हे. 'बीडब्ल्यूआर' त्याहून सरस. आयएस ७१० हे सागरी प्रतीच्या, सर्वाधिक पाणीरोधक प्लायवुडचे मानक. कोरड्या भिंतीच्या कपाटाला पहिला प्रकार चालतो. न्हाणीघराच्या भिंतीला टेकणाऱ्या कपाटाला मात्र वरचीच प्रत घ्यावी. आधीपासून घरात असलेले लोखंडी कपाट सुस्थितीत असेल, तर ते मोडीत काढण्याची घाई करू नये. त्याला वाळवी लागत नाही आणि नवा रंग दिला की ते कोणत्याही खोलीत शोभते.

वारा वाहू दे

शरीराचे तापमान झोपेत किंचित उतरते. म्हणून थंड, हवेशीर खोलीत झोप लवकर लागते आणि टिकते. इमारत संहितेनुसार दमट-उष्ण हवामानात खिडक्यांचे उघडे क्षेत्र खोलीच्या जमिनीच्या एक षष्ठांश, तर कोरड्या-उष्ण हवामानात एक दशांश असावे. आपल्या ११० चौरस फुटांच्या खोलीला मुंबईत किंवा कोकणात सुमारे १८ चौरस फूट उघडी जागा हवी. पाच फूट बाय चार फुटांची, म्हणजे २० चौरस फुटांची खिडकी पुरेशी वाटते. पण दोन काचांची सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते आणि हाती दहा चौरस फूट येतात. त्यात कपाटाची कड किंवा वातानुकूलन यंत्र खिडकीत घुसवले, की वाऱ्याची उरलीसुरली वाटही बंद होते. नवी खिडकी करायची असेल, तर तिसऱ्या रुळावर डास अडवणाऱ्या जाळीचा पल्ला घ्यावा. संध्याकाळी डासांच्या भीतीने खिडकी लावून घेण्याची वेळ मग येत नाही.

खिडकीला चोरांपासून संरक्षणासाठी ग्रिल लावतात, ते योग्यच. परंतु आग लागली तर तेच ग्रिल घरच्यांना आत कोंडते. म्हणून निदान एका खिडकीच्या ग्रिलला उघडणारे दार असावे आणि त्याच्या कुलपाची किल्ली हाताशी, घरातील सर्वांना ठाऊक असलेल्या जागी टांगलेली असावी.

फॉल्स सीलिंगचा मोह शयनगृहात जरा आवरावा. पंख्याची पाती जमिनीपासून किमान २.४ मीटर, म्हणजे सुमारे आठ फूट उंच आणि छतापासून सुमारे एक फूट खाली असावीत, तरच वारा नीट फेकला जातो. आपल्याकडे छताची उंची बहुधा नऊ-साडेनऊ फूट. त्यातील आठ-नऊ इंच फॉल्स सीलिंगने खाल्ले, तर पंखा एक तर छताला चिकटतो आणि वारा देत नाही, किंवा इतका खाली येतो, की पलंगावर उभे राहून उड्या मारणाऱ्या मुलाचा हात पात्यांपर्यंत पोहोचतो. दिव्यांची हौस असेल, तर भिंतीच्या कडेने अरुंद पट्टी करावी आणि मधले छत मोकळे ठेवावे.

जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा सुमारे ३० वॅटवर तेवढाच वारा देतो. रोज आठ तास वापर धरला, तर वर्षाला १३० युनिटच्या आसपास बचत होते. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जा कार्यक्षमतेच्या ताऱ्यांचे लेबल बंधनकारक झाले आहे; खरेदी करताना ते पाहावे. वातानुकूलन यंत्राचा झोत थेट डोक्यावर किंवा छातीवर येणार नाही, अशी जागा निवडावी. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे सुरू होताना २४ अंशांवर सुरू होतील, असा नियम आहे. २४-२५ अंशांवर यंत्र आणि सोबत मंद पंखा हा मेळ झोपेला आणि वीजबिलालाही मानवतो.

प्रकाश आणि अंधार

आपल्या शरीरात दिवस-रात्रीचे एक घड्याळ चालते. त्यामागील पेशीय यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. हे घड्याळ प्रामुख्याने प्रकाशावर जुळते. निळसर पांढरा, झगझगीत प्रकाश रात्री डोळ्यांवर पडला, की झोपेला साहाय्य करणाऱ्या मेलाटोनिनची निर्मिती मंदावते. आपल्या घरांत मात्र शयनगृहातही कार्यालयासारखी पांढरी ट्यूबलाइट लावण्याची सवय आहे.

उपाय अवघड नाही. झाडलोट आणि कपड्यांची आवराआवर यांसाठी एक पांढरा दिवा ठेवावा. रात्रीसाठी २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा वेगळ्या बटणावर घ्यावा. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. ६५०० लिहिलेले असेल, तर तो पांढरा दिवा समजावा. पलंगाच्या दोन्ही बाजूंना वाचनाचे स्वतंत्र दिवे असावेत. एकाला पुस्तक वाचायचे असताना दुसऱ्याला उजेडात कूस बदलत राहावे लागू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुख्य दिव्याचे आणि पंख्याचे बटण दाराशी आणि उशाशी अशा दोन्ही ठिकाणी असावे. ही दुहेरी जोडणी भिंतीला रंग देण्यापूर्वी केली, तर खर्च किरकोळ येतो. नंतर करायची तर भिंत फोडावी लागते. उशाशी दोन प्लगही त्याच वेळी काढून घ्यावेत.

पडद्यांचे दोन थर असावेत. आतला झिरझिरीत, दिवसा आडोशाला. दुसरा जाड अस्तराचा, पहाटेचे ऊन आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड अडवण्यासाठी. रात्रपाळी करणाऱ्यांच्या घरी हा दुसरा थर चैन नसून गरज असते. चुण्या नीट पडण्यासाठी कापडाची रुंदी खिडकीच्या दुप्पट घ्यावी आणि दांडी खिडकीच्या दोन्ही कडांहून सहा-सहा इंच पुढे न्यावी, म्हणजे दिवसा पडदा बाजूला सारला की काच पूर्ण मोकळी होते.

पावसाळ्याची परीक्षा

सजावटीची खरी परीक्षा पहिल्या पावसाळ्यात होते. पावसाचा मारा झेलणारी बाहेरची भिंत ओल धरते आणि तिला चिकटवलेल्या कपाटाच्या पाठीवर बुरशी येते. कपाटासाठी शक्यतो आतली, दोन खोल्यांमधली भिंत निवडावी. तसे शक्य नसल्यास भिंत आणि कपाट यांत इंच-दीड इंच फट सोडावी. पलंगाच्या पेटीलाही बाजूने हवेची छिद्रे ठेवावीत. भिंतीला आधीच ओल असेल, तर तिच्यावर महागडा रंग किंवा वॉलपेपर चढवणे म्हणजे दुखणे झाकणे होय. आधी बाहेरून गळती बंद करावी, भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि मगच रंगाचा डबा उघडावा.

रंग फिकट, मंद असावा हे खरेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत त्या खोलीत झोपू नये. दमेकरी आणि लहान मुले यांच्यासाठी कमी वासाचे रंग घ्यावेत. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम २०१७ पासून लागू आहे. त्यापूर्वीचा जुना रंग खरवडताना मात्र त्याची धूळ मुलांपासून दूर ठेवावी आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

आई-वडिलांची खोली

घरात ज्येष्ठ मंडळी असतील, तर त्यांच्या शयनगृहाचा विचार सर्वांत आधी व्हावा. उतारवयातील एक पडणे, खुब्याचे एक हाड मोडणे, माणसाला कायमचे परावलंबी करू शकते, आणि असे पडणे पुष्कळदा पलंग ते न्हाणीघर या चार पावलांतच घडते. ही वाट सरळ आणि मोकळी असावी. पायाखाली सरकणारे पायपुसणे आणि सुटा गालिचा काढून टाकावा. जमिनीपासून फूटभर उंचीवर मंद दिवा असावा. माणूस हलला की आपोआप लागणारा असल्यास उत्तमच. पलंग गादीसह अठरा ते वीस इंच उंच, कडा घट्ट आणि कोपरे गोल असावेत. न्हाणीघरात आधाराची दांडी पक्क्या भिंतीत बसवावी आणि दाराची कडी बाहेरूनही उघडता यावी. चष्मा, पाण्याचे भांडे, औषधे आणि फोन हात लांबवताच मिळतील, असे छोटे टेबल उशाशी हवे.

त्यांची जुनी खुर्ची किंवा शिसवी पेटी नव्या सजावटीत बसत नाही म्हणून अडगळीत टाकू नये. ओळखीच्या वस्तू जागच्या जागी असल्या, की अंधारातही हात बरोबर पडतो.

खर्चाचा क्रम

शयनगृहासाठी जी रक्कम ठरेल, ती याच क्रमाने वाटावी. आधी गळती आणि ओल यांची दुरुस्ती, मग विजेची जोडणी, त्यानंतर गादी, मग पलंग आणि कपाट, पुढे जाळी आणि पडदे. रंगाचा हात सुतारकाम आटोपल्यावर द्यावा. भिंतीवरची चित्रे, शोभेचे दिवे आणि रेशमी अभ्रे यांसाठी पैसे उरले तर ठीक. न उरले तरी काही बिघडत नाही, ती हौस सावकाश पुरवता येते. कॉलम-बीमला हात लावणारे कोणतेही काम मात्र परस्पर करू नये. सोसायटीला कळवावे आणि संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

पाहुण्यांना ही खोली बहुधा दिसणारही नाही. तिची पसंती-नापसंती ठरते ती रात्री किती वाजता डोळा लागला आणि सकाळी अंग किती हलके वाटले यावर. घरातल्या सर्वांना तिथे शांत झोप लागली, म्हणजे खोली चांगली सजली असे खुशाल समजावे.